गल्ला भरतो, मन का भरत नाही?

दुकान चालतंय, उधारीही वसूल होतेय, तरी सकाळी शटर उचलताना हात जड होतो? मग लगेच दुसऱ्या शाखेच्या मागे लागू नका. आधी एखाद्या कोचशी बोला. (कोचिंग क्लास नव्हे हं!)

टिमथी गॅलवे हा टेनिस शिकवणारा. १९७४ साली आलेल्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’मध्ये त्याने मांडलं, की सूचनांचा भडिमार केला की खेळ बिघडतो; चेंडूकडे नीट बघायला लावलं की सुधारतो. धंद्यातला चांगला कोचही आयतं ध्येय हातात देत नाही. तो विचारतो: गेल्या आठवड्यात कोणतं काम करताना घड्याळाकडे लक्षच गेलं नाही? आणि कोणतं रोज उद्यावर ढकललंत?

पहिल्याच्या उत्तरात कुणी एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल बोलेल, कुणी विक्रीच्या आकड्याबद्दल. तुमचं काय? आज गल्ला मोजून झाला की हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर दोन्ही उत्तरं लिहा.