निफाडला दव गोठते, मग भोजापूरचे धरण का गोठत नाही?

डिसेंबर-जानेवारीत एक बातमी अधूनमधून वाचायला मिळते : निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला, द्राक्षबागांत दवबिंदू गोठले. त्याच सुमारास दूरदर्शन संचावर मुलांनी कॅनडाचे किंवा फिनलंडचे दृश्य पाहिलेले असते. तळे गोठलेले आहे, माणसे त्यावर बसली आहेत आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत आहेत. मग सिन्नरच्या वर्गात प्रश्न येतो, "सर, निफाड तर आपल्या शेजारी. म्हाळुंगी नदीवरचे आपले भोजापूर धरण का गोठत नाही?"

प्रश्न साधा वाटतो. पण उत्तरात उष्णता, घनता आणि माशांचा श्वास असे तीन धडे एकत्र येतात.

पान आणि धरण

हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र रात्री गवताचे पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे प्रारणाने टाकत राहते. त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. पानावरचे दव अगदी थोडे असते. एक किलो पाणी गोठवण्यासाठी ८० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. एका चौरस मीटरवर २०० ग्रॅम दव धरले, तर १६ किलोकॅलरी पुरतात.

आता धरणाचा हिशेब करू. पाणी सरासरी ५ मीटर खोल धरा. एका चौरस मीटरखाली ५,००० किलो पाणी आहे. ते २० अंशांवरून ४ अंशांवर आणायचे, तर ५,००० × १६ = ८०,००० किलोकॅलरी जायला हव्यात. निरभ्र रात्री एका चौरस मीटरमधून ढोबळमानाने ८०० किलोकॅलरी उष्णता जाते असे धरू. म्हणजे सलग १०० रात्री हव्यात, आणि मधल्या दिवसांत सूर्य उगवता कामा नये! आपल्याकडे तो रोज उगवतो आणि रात्रीचे नुकसान बहुतांशी भरून काढतो.

उथळ पाण्याची गोष्ट वेगळी. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली अलाहाबादकडील बर्फ बनवण्याची रीत लिहून ठेवली आहे. उघड्या मैदानात पेंढा अंथरून त्यावर पसरट मातीच्या भांड्यांत थोडे पाणी ठेवीत. हवा शून्याच्या वर असतानाही पहाटे भांड्यांत बर्फ मिळे.

चार अंशांची करामत

वरचे पाणी थंड झाले की जड होऊन खाली जाते आणि खालचे वर येते. म्हणून गोठण्याआधी सगळे तळे ढवळून चार अंशांवर यावे लागते. त्यानंतर मात्र पाणी थंड होताना हलके होते, वरच राहते आणि गोठते. बर्फाची घनता सुमारे ०.९२ असल्याने तो तरंगतो. खाली चार अंशांच्या आसपासच्या पाण्यात मासे जिवंत राहतात, म्हणूनच बर्फाच्या भोकातून मासेमारी होऊ शकते.

तेथेही बर्फावर जाण्याचे नियम आहेत. उत्तर अमेरिकेत एका माणसाला पायी जाण्यासाठी स्वच्छ, नव्या बर्फाची किमान १० सेंटिमीटर जाडी सांगतात. पांढरा, बर्फवृष्टीतून झालेला बर्फ कमजोर असतो. त्यासाठी जाडी दुप्पट धरतात. २०२१ च्या जानेवारीत श्रीनगरचे दल सरोवर गोठले, तेव्हा त्यावर चालू नका असे प्रशासनाला बजावावे लागले होते.

आपल्या माशांचा कठीण काळ

गोड्या पाण्यात ० अंशाला लिटरमागे जास्तीत जास्त १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.६. थंड देशांत बर्फावर हिम साचले की प्रकाश अडतो, पाणवनस्पतींचे काम थांबते आणि मासे गुदमरतात. आपल्याकडे हिवाळ्यात पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. रोहू, कटला, मृगळ हे शीतरक्ताचे मासे तेव्हा सुस्तावतात, कमी खातात; पण ते मरत नाहीत. खरा धोका उन्हाळ्यात असतो. सिन्नर पर्जन्यछायेत येते. मे महिन्यात धरणे आटतात, उरलेले पाणी तापते, प्राणवायू कमी होतो आणि मासे मात्र तेवढेच असतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, की समजावे, पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे.

पाणी सर्वांचे, मासे कोणाचे?

धरणातील मासे आपोआप आलेले असतात, असा मुलांचा समज असतो. राज्यातील बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने, मुख्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. संस्था पैसे खर्चून पावसाळ्यात बोटुकली सोडते आणि पुढे त्यावर सभासदांची घरे चालतात. तेथे परवानगीवाचून जाळे टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले पीक कापणे होय. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारणे तर १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले. त्यात पिल्लांसकट सारे मरते आणि पाणी दूषित होते.

गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथे वन्यजीव कायदा लागू होतो. हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांपैकी कित्येकांचा आहार मासे हाच असतो.

वर्गासाठी प्रयोग

निरभ्र थंड रात्री शाळेच्या मैदानात एक पसरट ताटली आणि एक भरलेली बादली शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींखाली पेंढा घाला. संध्याकाळी सहाला आणि सकाळी सहाला दोन्हींचे तापमान नोंदवा. ढगाळ रात्री हाच प्रयोग पुन्हा करा. नोंदी घेण्यासाठी मुलांना धरणावर पाठवू नका. तळाचा गाळ आणि एकदम वाढणारी खोली वरून दिसत नाही. आपल्या धरणांवर जीव जातात ते यामुळेच.