सुट्या भागांची परीक्षा

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात येणाऱ्या माणसाला आपल्याला नेमकं काय हवं आहे, हे बहुधा ठाऊक नसतं. त्याला फक्त गाडीचं दुखणं ठाऊक असतं. वळताना कटकट वाजतं, सकाळी सेल्फ मारला तरी उचलत नाही, खाली काहीतरी लोंबतंय. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काउंटरमागचा माणूस हे ऐकून घेतो, फडक्यात गुंडाळून आणलेला तुटका तुकडा हातात घेऊन एकदा फिरवून बघतो आणि काही न बोलता माळ्यावर चढतो. खाली उतरतो तेव्हा त्याच्या हातात नेमकी तीच वस्तू असते. ही विद्या कुठल्या शाळेत मिळत नाही. पोऱ्या म्हणून लागायचं, वर्षानुवर्षं खोकी उचलायची, मालकाच्या शिव्या खायच्या. मग एक दिवस गिऱ्हाईक मालकाला सोडून तुम्हाला विचारू लागतं. तेच प्रमाणपत्र.

अमेरिकेत या विद्येचीही रीतसर परीक्षा आहे. १९७२ साली तिथे ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑटोमोटिव्ह सर्व्हिस एक्सलन्स’ ही संस्था निघाली. मेकॅनिक मंडळी तिला नुसतं ‘एएसई’ म्हणतात. ब्रेक, इंजिन, वीजजोडणी अशा एकेका विषयात ती मेकॅनिकांची परीक्षा घेते, आणि त्याच मांडवात काउंटरवरच्या माणसालाही तिने पाट मांडून दिला आहे. मोटारींच्या भागांसाठी पी-२, ट्रकच्या भागांसाठी पी-१. परीक्षा सक्तीची नाही, तिच्याशिवाय नोकरी करता येते. पण प्रमाणपत्र हवं तर नुसता पेपर सोडवून भागत नाही, गाठीशी दोन वर्षांचं काम लागतं. आणि पाच वर्षांनी ते पुन्हा सिद्ध करावं लागतं.

हे मला कळलं ते न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्यामुळे. तो मेकॅनिकल डिप्लोमावाला. पुण्यात एका गाड्यांच्या डीलरकडे स्पेअर पार्ट्स विभाग सांभाळायचा. बायकोला तिकडे नोकरी मिळाली तेव्हा तिच्या व्हिसावर मागोमाग गेला, आणि त्या व्हिसावर काम करायची परवानगी नसल्याने काही वर्षं त्याने पोळ्या लाटल्या, मुलीला शाळेत सोडलं, आणलं. २०१५ साली नियम बदलला, ग्रीनकार्डाच्या वाटेवर असलेल्यांच्या नवरा-बायकोंना कामाची मुभा मिळू लागली. पुढे यथावकाश त्याचाही परवाना आला आणि तो एका पार्ट्सच्या दुकानात काउंटरला लागला.

काम त्याला येत होतं. येत नव्हते ते शब्द. आपण इंग्रजी समजून जे बोलतो त्यातलं निम्मं तिथे चालत नाही. बॉनेटला ते हूड म्हणतात, डिकीला ट्रंक, सायलेन्सरला मफलर, मडगार्डला फेंडर. आणि स्टेपनी म्हटलं तर माणूस तोंडाकडे बघत राहतो. त्यातून ड्रायव्हरची बाजू म्हणजे आपल्याकडे उजवी, तिथे डावी. आरशापासून दिव्यापर्यंत निम्मी दुनिया त्याला उलटी करून घ्यावी लागली. पण खरा जाच फोनचा. दुकानाची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे आसपासची गॅरेजं. गाडी वर उचललेली, मेकॅनिकचे हात तेलात. त्याला एका मिनिटात उत्तर हवं असतं. भाच्याने “हॅलो” म्हटलं की त्यातले काही जण सरळ म्हणत, दुसऱ्या कुणाला तरी दे. हे त्याने मला जेवताना, मुलगी उठून गेल्यावर सांगितलं.

“मामा, ते शर्टावर लावायचं चिन्ह फोनवर दिसत नाही हे मला कळतं,” तो म्हणाला. “पण मला दिसेल ना.”

मग मी त्याची उजळणी घेऊ लागलो. निवृत्त माणसाला वेळच वेळ. आमच्या बँकेत सीएआयआयबीची परीक्षा असे, अजूनही आहे. पास झालं की पगार वाढायचा. त्यामुळे नोकरी करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या माणसाची मान कशी पडते, ते मला ठाऊक आहे.

पी-२ चा अभ्यासक्रम पाहून मी चकित झालो. गाडीच्या निरनिराळ्या यंत्रणा त्यात आहेतच. पण गिऱ्हाइकाशी बोलणं, कॅटलॉग वाचणं, मालसाठा, मांडणी, हिशेब हेही आहे. गाडीची ओळख पटवण्याचं प्रकरण तर रंजक. १९८१ पासूनच्या गाड्यांवर तिथे सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वर्ज्य, कारण एक आणि शून्याशी गल्लत होते. दहावी जागा मॉडेलचं वर्ष सांगते. नववी जागा पहारेकऱ्याची: उरलेल्या सोळांना ठरावीक वजनांनी गुणायचं, बेरीज करायची, अकराने भागायचं, बाकी उरते तो आकडा तिथे असला पाहिजे. दहा उरले तर एक्स. क्रमांक टिपताना एक अक्षर चुकलं तर बहुधा इथेच पकडलं जातं. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला यात काय सुख आहे, ते इतरांना कळायचं नाही.

हिशेबात मात्र भाचा अडखळला. साठ डॉलरला घेतलेल्या वस्तूवर चाळीस टक्के नफा ठेवायचा तर ती कितीला विकावी? तो म्हणाला, चौऱ्याऐंशी. हे खरेदीवरचे चाळीस टक्के झाले. विक्रीच्या किमतीतले चाळीस टक्के हवे असतील तर साठला शून्य पूर्णांक सहाने भागायचं, शंभर येतात. चौऱ्याऐंशीला विकली तर हाती साडेअठ्ठावीस टक्केच पडतात. या दोन टक्केवाऱ्यांच्या फटीत पडून बुडालेली दुकानं मी कर्जाच्या फायलींत पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू नसली तर तीही नोंदवायची. न झालेल्या विक्रीची नोंद! आपल्याकडे ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. नाही म्हणावं लागलेल्या गोष्टींचंही खातं असावं, ही कल्पना एखाद्या कादंबरीकाराला सुचली असती तर नवल नव्हतं.

प्रश्नांची तऱ्हाही खास. काउंटरवरची दोन माणसं, ए आणि बी. ए म्हणतो, गाडीची डावी-उजवी बाजू समोर उभं राहून ठरवावी. बी म्हणतो, ड्रायव्हरच्या जागी बसून. कोण बरोबर? फक्त ए, फक्त बी, दोघं, की कुणीच नाही? इथे बी बरोबर. पण रोज असे प्रश्न सोडवताना भाचा त्या दोघांना ओळखू लागला. ए त्याच्या दुकानातला जुना माणूस, बी तो स्वतः.

नाना पेठेतला तो माळ्यावर चढणारा माणूस या परीक्षेत पास झाला असता का? मला शंका आहे. त्याच्या बोटांना जे कळतं ते चार पर्यायांत मावत नाही. पण त्याची बोटं त्याच्या गल्लीत चालतात; सगळी गल्ली त्याला ओळखते. परमुलखात तुमच्या बोटांवर कुणी विश्वास ठेवत नाही, तिथे कागद लागतो. परीक्षेची एक गोष्ट मात्र मी मानतो. गिऱ्हाइकाने बॅटरी मागितली म्हणून मुकाट्याने बॅटरी देऊ नये, आधी अल्टरनेटर चार्ज करतोय का ते विचारावं, हे विचारणं म्हणजे चोंबडेपणा नसून ज्ञान आहे, असं तिने लेखी ठरवून टाकलं आहे. पेन्शनर म्हणतो, “माझे पैसे बघा.” त्याला पासबुक भरून हवंय, व्याज हवंय की नुसतं कुणीतरी बोलायला हवंय, ते ओळखण्याला आमच्याकडे एकही मार्क नव्हता.

भाचा पास झाला. दुकानाने तासामागे थोडा पगार वाढवला; थोडाच. गॅरेजवाल्यांपैकी एकजण अजूनही दुसऱ्याला मागतो, बाकीचे बोलतात. पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा आहे, आणि त्याने आत्ताच विजेच्या मोटारींचं वाचायला घेतलं आहे. त्या गाड्यांना स्पार्क प्लग नसतो, ऑइल फिल्टर नसतो, सायलेन्सरही नसतो. कपाटातले किती कप्पे रिकामे होणार, याची यादी तो दुकानातून घरी आल्यावर एका वहीत करतो आहे. मुलगी शेजारी बसून गृहपाठ करते.