पदवीचा आनंद आणि पदवीचें ओझें



आपल्या शाळेंतून बाहेर पडलेलीं मुलें कांहीं वर्षांनीं पदवीधर होऊन भेटावयास येतात. हातांत पेढ्यांचा पुडा असतो, परंतु बोलतां बोलतां डोळे ओले होतात. अशाच एका विद्यार्थिनीनें मला विचारलें, "सर, परीक्षा एकदांची सुटली म्हणून आनंदच व्हावयास हवा होता, मग वसतिगृहाची खोली रिकामी करतांना रडूं कां आलें?" हा प्रश्न अनेकांच्या मनांत येत असेल, म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'पदवी' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'वाट' असा आहे. 'मान' किंवा 'हुद्दा' हा अर्थ मागाहून आला. पदवीधरास आपण 'स्नातक' म्हणतों. पूर्वीं गुरुगृहीं अध्ययन पुरें झालें म्हणजे शिष्य विधिपूर्वक स्नान करी व घरीं परते. त्यावरून हें नांव पडलें. या विधीस 'समावर्तन', म्हणजे परत येणें, असें म्हणत. अमेरिकेंत पदवीदान-समारंभास 'कमेन्समेंट' म्हणतात. त्याचा अर्थ तर 'आरंभ'! एकाच दिवसास कोणी शेवट म्हणतो, कोणी परतणें, कोणी आरंभ. मग त्या दिवशीं मनांत दोन भाव एकत्र आले, तर त्यांत नवल तें काय?

कोणी म्हणेल, सोबती दूर जातात म्हणून वाईट वाटतें. तें खरें आहे, पण पुरतें खरें नाहीं. निजामी राजवटींत हिंगोलीकडील मुलास उच्च शिक्षणासाठीं हैदराबादसारख्या दूरच्या शहरीं जावें लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें आणि तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. पुढें १९५८ सालीं औरंगाबाद येथें मराठवाडा विद्यापीठ निघालें; १९९४ सालीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालें; १९९९ सालीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. आतां महाविद्यालयें घराजवळ आलीं आहेत आणि दूरच्या मित्राचा आवाजही क्षणांत ऐकूं येतो. अंतर इतकें घटलें, तरी निरोपाच्या दिवसाचें रडूं थांबलें नाहीं. तेव्हां त्याचें मूळ अंतरांत नसून अन्यत्र असलें पाहिजे.

माझ्या मतें त्याचीं कारणें दोन आहेत. पहिलें असें कीं, विद्यार्थ्याचा दिवस दुसऱ्यांनीं आंखून दिलेला असतो. काय वाचावें, केव्हां उठावें, परीक्षा कोणत्या दिवशीं, हें सारें ठरलेलें. आपण त्या बंधनाविरुद्ध कुरकुरतों. परंतु त्याच्याच आधारानें चालत असतों. पदवीबरोबर बंधन सुटतें आणि आधारही सुटतो. स्वातंत्र्याचा आनंद आणि उद्यांची भीति एकाच दारानें आंत येतात.

दुसरें कारण ऋणाचें. आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण पाहा. त्यांचें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन गेलें, आणि आपल्या देशांतील स्त्रियांस स्त्री-डॉक्टर मिळाली पाहिजे, हा निश्चय त्यांच्या मनांत रुजला. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली, तेव्हां पंडिता रमाबाई त्या समारंभास उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. परंतु काम हातीं घेण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. तेव्हां त्यांस बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. ही पदवी त्यांनीं स्वतःच्या मानासाठीं घेतली नव्हती, हें उघड आहे. पदवी कोणासाठीं तरी असते, आणि त्या 'कोणासाठीं'चें वजन त्याच दिवशीं प्रथम खांद्यावर येतें.

हें मला माझ्या मायनें शिकविलें. पदवीचा कागद मीं तिच्या हातीं दिला. तिला अक्षरओळख नव्हती. तिनें तो पदरावर ठेवून बराच वेळ पाहिला आणि विचारलें, "ह्यात माझं नाव कुठं हाय?" त्यावर माझें, वडिलांचें व आडनांव छापलेलें होतें, जिनें दुसऱ्यांच्या शेतांत निंदणी करून माझी फी भरली, तिचें नांव नव्हतें. मीं कागदाच्या मध्यावर बोट ठेवून म्हटलें, "हें बघ, इथें." ती हंसली, मला मात्र हंसूं आलें नाहीं. त्या दिवशींचा माझा आनंद आणि माझी लाज, दोन्हीं खरीं होतीं.

म्हणून पालकांस विनंति कीं, मुलगा वा मुलगी पदवी घेऊन आली कीं पहिल्याच संध्याकाळीं "नोकरी केव्हां?" असें विचारूं नका. तें मूल अबोल दिसलें, तर त्यास कृतघ्नही समजूं नका. बहुधा तें मनांतल्या मनांत हिशेब करीत असतें.

आणि मित्रहो, तुमच्यासाठीं एकच गोष्ट सांगतों. आपल्याकडे हळद काढल्यावर शहाणा शेतकरी सगळा माल बाजारांत नेत नाहीं. पुढच्या लागवडीसाठीं बेणें राखून ठेवतो. तुम्हीही आपल्या विद्येंतून थोडें बेणें राखा. शेजारचें एखादें मूल शिकवा, घरांतील वडील माणसांस स्वतःचें नांव लिहावयास शिकवा. माझ्या मायनें पुढें तें शिकून घेतलें, आणि पहिल्यांदा लिहिलें तें माझ्या पदवीच्या कागदामागें.