‘वर्षभराचाच तर प्रश्न आहे!’

अमेरिकेत एडिसनच्या गणेशोत्सवात असो की फ्रीमाँटमधल्या दिवाळीच्या फराळाला, तिशी-पस्तिशीतल्या मराठी बायका जमल्या की हल्ली नर्सिंगचा विषय हमखास निघतो. कुणी पुण्याहून बी.एस्सी. करून आलेली असते, कुणी मुंबईत बँकेत नोकरीला होती, कुणी इंजिनिअर असून मुलांपायी काही वर्षं घरी आहे. आधीची कोणत्याही विषयातली पदवी असेल तर अमेरिकेत ‘अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन’, म्हणजे नर्सिंगची कमी मुदतीची बॅचलर्स पदवी, करून नर्स होता येतं, ही माहिती कुणीतरी पुरवतं. ती खरी आहे. पण तिच्या मागोमाग जे वाक्य येतं ते अजिबात खरं नाही: ‘अगं, वर्षभराचाच तर प्रश्न आहे. डोळे मिटून काढायचं एक वर्ष!’

या एका वाक्याच्या भरवशावर चालू नोकऱ्या सोडल्या जातात, कर्जं काढली जातात, भारतातून आईला बोलावून घेतलं जातं. म्हणून ते नीट तपासायला हवं.

मुळात हा अभ्यासक्रम छोटा का दिसतो? चार वर्षांच्या नेहमीच्या नर्सिंग पदवीत इंग्रजी, इतिहास, समाजशास्त्र असे सर्वसाधारण विषय बरेच असतात. पहिल्या पदवीत ते झालेले असल्यामुळे दुसऱ्या पदवीला वगळले जातात. वगळलं जातं ते एवढंच. औषधशास्त्र, मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी हेल्थ हा नर्सिंगचा गाभा जसाच्या तसा राहतो. अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांची संघटना, म्हणजे अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग, स्पष्ट सांगते की या विद्यार्थ्यांचे क्लिनिकलचे, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाचे, तास नेहमीच्या अभ्यासक्रमाइतकेच असतात, मध्ये सुट्ट्या नसतात आणि शिकताना नोकरी करू नये असंच बहुतेक ठिकाणी सुचवलं जातं.

आता हिशेब मांडू. अमेरिकी सरकारच्या व्याख्येनुसार एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेरचं काम. एका क्रेडिटमागे ४५ तास. नर्सिंगचा गाभा ६० क्रेडिटच्या आसपास धरला तर २,७०० तास झाले. बारा महिन्यांत हे बसवायचे आणि मध्ये दोन आठवडे सुट्टी मिळाली असं धरायचं, तर आठवड्याला ५४ तास पडतात. रविवार धरून रोज पावणेआठ तास. यात हॉस्पिटलपर्यंतचा प्रवास नाही, मुलाला ताप आलेला दिवस नाही, शाळेतली पेरेंट-टीचर मीटिंग नाही. तोच अभ्यासक्रम सोळा महिन्यांत, सुट्ट्या वगळून सुमारे ६४ आठवड्यांत केला तर आठवड्याचे ४२ तास होतात. एवढ्या फरकावर अख्ख्या घराची घडी टिकते किंवा विस्कटते, आणि तरीही निवड करताना बाराच्या आकड्याकडेच डोळे लागलेले असतात.

तेही बारा महिने सुरू कधी होतात, हे कुणी विचारत नाही. त्याआधी प्रीरिक्विझिट्स असतात: अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग आणि मायक्रोबायोलॉजी, तिन्ही प्रयोगशाळेसह, शिवाय स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, मानवी विकासाचं मानसशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्री. अ‍ॅनाटॉमीचा दुसरा भाग पहिला पास झाल्याशिवाय घेता येत नाही, त्यामुळे किमान दोन सेमिस्टर तिथेच जातात. लॅबच्या परीक्षेत टेबलांवर हाडं मांडलेली असतात, प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी; मिनिटभरात कवटीच्या तळाचं छिद्र ओळखायचं, नाव लिहायचं, त्यातून काय जातं ते लिहायचं आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचं. स्पेलिंग चुकलं की गुण कापले जातात.

भारतातून बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलेल्यांना वाटतं, आपल्याला यातून सूट मिळेल. बहुतेकदा मिळत नाही. अनेक विद्यापीठं विज्ञानाचे विषय गेल्या पाच, सात किंवा फार तर दहा वर्षांत केलेले असावेत अशी अट घालतात. शिवाय भारतीय पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, तेही विषयवार. तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. काही ठिकाणी अमेरिकी बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जाते, काही ठिकाणी नाही. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायला लागणारा वेळ ज्यांनी मागवलंय त्यांनाच विचारावा. त्यानंतर टीईएएस किंवा हेसी ही प्रवेशपरीक्षा, अर्ज आणि पुढच्या तुकडीची वाट. तुकडी वर्षातून एक-दोनदाच सुरू होते. पदवीनंतर परवान्याची एनक्लेक्स परीक्षा आहेच. सगळं सुरळीत झालं तरी पहिल्या वर्गापासून पहिल्या पगारापर्यंत अडीच ते तीन वर्षं धरावीत. जाहिरातीत मात्र ‘१२ महिने’ ठळक अक्षरांत असतं आणि बाकीचं सगळं बारीक अक्षरांत.

मुलं असलेल्या घरात खरी कसोटी लागते ती क्लिनिकलच्या दिवशी. हॉस्पिटलची पाळी सकाळी सातला बदलते, म्हणून विद्यार्थ्यांनी पावणेसातला वॉर्डात हजर राहायचं. रात्रीच्या नर्सकडून रुग्णाचा रिपोर्ट घ्यायचा, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करायची, इन्सुलिनचं प्रमाण दुसऱ्या नर्सकडून पडताळून घ्यायचं, नऊची औषधं इन्स्ट्रक्टरसमोर द्यायची, प्रत्येक औषध कशासाठी आणि आधी काय तपासलं हे तोंडपाठ सांगायचं. बारा तासांची पाळी असेल तर संध्याकाळी सव्वासात वाजतात. घरी आल्यावर त्याच रुग्णाचा केअर प्लॅन लिहून द्यायचा असतो. बहुतेक डे-केअर उघडतात साडेसहा-सातला आणि बंद होतात सहाला. उशीर झाला तर मिनिटांच्या हिशेबाने दंड लावतात. म्हणजे सकाळी सहाला घर सोडणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या आईच्या मुलाला दोन्ही टोकांना दुसरं माणूस लागतं. कुठलं हॉस्पिटल, कुठला वार, दिवसपाळी की संध्याकाळ, हे कॉलेज ठरवतं आणि पुष्कळदा सेमिस्टरच्या तोंडावर कळवतं.

यावर मराठी घरातला ठरलेला तोडगा म्हणजे आधी आई, मग सासूबाई. तो चांगला आहे, पण त्याचंही गणित घालावं लागतं. टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्यांना एका वेळी साधारण सहा महिनेच राहता येतं आणि अभ्यासक्रम त्याहून मोठा आहे. आजी वरणभात भरवेल, पाठांतर घेईल. पण ती गाडी चालवत नसेल तर अडीचला सुटणाऱ्या शाळेतून मुलाला आणणार कोण? हा प्रश्न नवऱ्यासमोर प्रवेश घेण्याआधी ठेवायला हवा. ‘मी करीन मदत’ हे उत्तर पुरत नाही. मंगळवार आणि गुरुवारची सकाळ पूर्ण त्याच्याकडे राहील का, त्या वेळेच्या मीटिंग तो हलवेल का, हे ठरलं तरच त्याला मदत म्हणता येईल.

एका विषयात घसरलं तर काय होतं, तेही ऐकून ठेवावं. पुष्कळ कॉलेजांत परीक्षांची सरासरी ७५ ते ७७ टक्क्यांच्या खाली गेली की विषय नापास. तुकडी एकत्र पुढे सरकते. मागे राहिलेल्या विद्यार्थिनीला तोच विषय पुन्हा शिकवला जाईपर्यंत, म्हणजे काही महिने ते वर्षभर, थांबावं लागतं. दुसऱ्यांदा नापास झाल्यास नाव कमी होतं. कर्ज तेवढंच राहतं.

एवढं वाचून ‘म्हणजे मुलं लहान असताना हे जमतच नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्या बायकाही भेटतात. तोही तितकाच चुकीचा आहे. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१५-१६ साली पदवीचं शिक्षण घेणाऱ्यांपैकी २२ टक्के विद्यार्थी मुलं वाढवत होते. पाचात एकाहून जास्त. त्याच अहवालाने हेही नोंदवलं की मुलं असलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पदवी न घेता बाहेर पडले. मुलं नसलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होतं. हे आकडे सगळ्या शाखांचे आहेत, पण त्यांचा रोख कळायला तेवढे पुरे आहेत. आयांची बुद्धी किंवा चिकाटी इथे कमी पडत नाही. कमी पडतो तो वेळ आणि पैसा, आणि ते दोन्ही कुठला रस्ता निवडला यावर अवलंबून असतं.

रस्ते एकाहून जास्त आहेत. सोळा-अठरा महिन्यांचे अ‍ॅक्सिलरेटेड अभ्यासक्रम आहेत, काही ठिकाणी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालणाऱ्या तुकड्या आहेत. आणि ज्याच्याकडे मराठी घरं उगाच नाक मुरडून पाहतात ते कम्युनिटी कॉलेज आहे. तिथली दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन तीच एनक्लेक्स देता येते, तोच आरएनचा, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचा, परवाना मिळतो, आणि मग नोकरी करता करता ‘आरएन-टू-बीएसएन’ पूर्ण करता येतं. हा शेवटचा टप्पा खरोखरच ऑनलाइन होतो. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या नर्सने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करावी. म्हणजे आधी काम, मग पदवी हा क्रम तिथे कायद्यालाच मान्य आहे. खासगी विद्यापीठाच्या अ‍ॅक्सिलरेटेड अभ्यासक्रमाच्या फीशी कम्युनिटी कॉलेजची फी ताडून पाहिली तर दोन वर्षं लांब वाटत नाहीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘घाईघाईत झालेली नर्स कच्ची राहते.’ सेंट लुईस विद्यापीठाने असा पहिला अभ्यासक्रम १९७१ मध्ये सुरू केला; गेली पन्नासहून अधिक वर्षं या वाटेने आलेल्या नर्स बाकीच्यांसारखीच परवान्याची परीक्षा देऊन वॉर्डात उभ्या आहेत.

‘ऑनलाइन आहे, घरबसल्या होतं.’ थिअरी होते. सलाईन लावणं, कॅथेटर घालणं लॅबमध्ये आणि रुग्णाजवळच शिकावं लागतं. कॅलिफोर्नियात तर प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ५०० तास कायद्याने बंधनकारक आहेत.

‘पेल ग्रँट मिळेल.’ पहिली बॅचलर्स पदवी असलेल्यांना ही सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असलेल्यांना सरकारी कर्जही मिळत नाही.

‘गरोदर राहिलं तर काढून टाकतात.’ सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला तसं करता येत नाही. टायटल नाइन या १९७२ च्या कायद्यामुळे वैद्यकीय गरजेपुरती रजा देऊन त्याच जागी परत घ्यावं लागतं.

‘टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता प्रवेश गेला.’ लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशांसाठी सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था रक्ताची चाचणी सुचवते, ती आधीच मागून घ्यावी.

‘नर्स झालं की ग्रीन कार्ड लगेच.’ याला एका ओळीहून जास्त जागा द्यायला हवी, कारण यात फसगत मोठी आहे. नर्सचं काम अमेरिकी श्रम खात्याच्या ‘शेड्यूल ए’ यादीत आहे, त्यामुळे ग्रीन कार्डच्या अर्जातला लेबर सर्टिफिकेशनचा टप्पा वगळला जातो. रांग मात्र वगळली जात नाही. ती जन्मदेशानुसार लागते आणि भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची आहे. सर्वसाधारण आरएनच्या नोकऱ्या एच-१बी साठी सहसा पात्र ठरत नाहीत, हे इमिग्रेशन खात्याने २०१५ मध्ये लेखी स्पष्ट केलं. एच-४ वर शिकता येतं, पण काम करायला ईएडी हे परवानापत्र लागतं, आणि ते साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० हा ग्रीन कार्डसाठीचा अर्ज मंजूर असेल तरच मिळतं. अमेरिकेत शिकलेल्या पण बाहेर जन्मलेल्या नर्सलाही ग्रीन कार्डसाठी व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. व्हिसाचं पक्कं न करता फी भरणं म्हणजे हातात परवाना घेऊन घरी बसण्याची तयारी करणं.

सांगली-नाशिककडच्या बहिणी फोनवर विचारतात, ‘इकडेही असं वर्षाचं असतं का गं?’ भारतात असा अभ्यासक्रम नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम तीन, एएनएम दोन. सहा महिन्यांत किंवा वर्षात ‘नर्सिंग डिप्लोमा’ देणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल नोंदणी करत नाही, मग ते कितीही जाड कागदावर छापलेलं असो.

आणि अमेरिकेत असे ठग नाहीत असं समजू नये. जानेवारी २०२३ मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या कारवाईत फ्लोरिडातल्या तीन संस्थांनी ७,६०० हून अधिक खोट्या नर्सिंग पदव्या विकल्याचं उघड झालं आणि पंचवीस जणांवर आरोप ठेवले गेले. प्रवेशापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि सीसीएनई किंवा एसीईएन यांची अधिस्वीकृती. दोन्ही काही मिनिटांत ऑनलाइन तपासता येतात. बोर्ड प्रत्येक कॉलेजचा एनक्लेक्सचा निकालही जाहीर करतं. तो पाहावा, पण ९५ टक्के वाचून हुरळून जाऊ नये, कारण त्यात पदवीपर्यंत पोहोचलेल्याच मोजलेल्या असतात. माहितीसत्रात हात वर करून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पहिल्या दिवशी वर्गात किती जणी होत्या, आणि त्यातल्या किती जणी ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडल्या? चांगलं कॉलेज हा आकडा देतं. टोलवाटोलवी झाली तर अर्ज दुसरीकडे करावा.