झपाटलेला

झपाटलेला हा महेश कोठारे दिग्दर्शित मराठी विनोदी भयपट १९९३ साली प्रदर्शित झाला. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, हे त्याचे मूळ कथासूत्र 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी भयपटातले आहे. मात्र वूडू विद्येच्या जागी येथे बाबा चमत्कारचा मृत्युंजय मंत्र येतो. तेथे बाहुला लहान मुलाचा असतो. येथे तो लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) या शब्दभ्रमकाराच्या हाती पडतो. त्यामुळे बाहुला खरोखर बोलू लागला, तरी इतरांना तो लक्ष्याचाच खेळ वाटतो. चित्रपटातील बहुतेक विनोद या एका बदलातून निघतो. तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला. त्याला आवाज दिलीप प्रभावळकर यांनी दिला. २०१३ साली आलेला 'झपाटलेला २' त्रिमितीय होता. खलनायक मात्र जुनाच राहिला.