एका बोल्टची किंमत

दुसऱ्या महायुद्धानंतरची वीसेक वर्षं अमेरिकेत फौजी रायफल टपालाने घरी येत असे. युरोपातल्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या माउझर, एन्फिल्ड, कार्कानो मासिकांतल्या जाहिरातींतून विकल्या जात. राष्ट्राध्यक्ष केनेडींवर झाडलेली कार्कानो त्यांचा मारेकरी ऑस्वाल्डने शिकागोच्या दुकानातून अशीच मागवली होती; दुर्बिणीसकट किंमत १९.९५ डॉलर. १९६८च्या कायद्याने हा टपाली बाजार बंद पडला.

नवी विंचेस्टर मॉडेल ७० ही शिकारी रायफल तेव्हा यापेक्षा कितीतरी महाग. मग बेताच्या मिळकतीचा शिकारी जुनी फौजी रायफल घेई, तिचा लांब दस्ता कापी, नळी आखूड करी आणि हरणाच्या मोसमाआधी तिला शिकारी करून टाकी. हौस तशी जुनीच. १९०९ साली आफ्रिकेच्या मोहिमेवर थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीसाठी बदललेली स्प्रिंगफील्ड १९०३ नेली होती, आणि त्या रायफलीची रचना मुळात माउझरवरूनच उचललेली.

मला या सगळ्यात अडकवलं ते १८९८च्या माउझरच्या बोल्टला उजव्या अंगाने चिकटलेल्या पोलादी पट्टीने. तिच्या टोकाला आकडी आहे. पेटीतून काडतूस वर सरकलं की त्याची कड आकडीत शिरते, आणि पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत सुटत नाही. बोल्ट फिरतो, पट्टी जागची हलत नाही. घाईत बोल्ट अर्धवट ओढून पुन्हा ढकलला, तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत. समोर रानडुक्कर असताना ही गोष्ट फार मोलाची. १९६४ साली विंचेस्टरने खर्च वाचवायला मॉडेल ७०मधून ही आकडी काढली. गिऱ्हाईक इतकं बिथरलं की चौसष्टपूर्वीच्या जुन्या रायफलींचेच भाव चढले.

 

पण आज फौजी रायफल शिकारी करायला बसावं, तर एकेक अडचण पुढे येते. बोल्टची मूठ वर उचलली की दुर्बिणीला आपटते. ती तापवून वाकवायची किंवा कापून पुन्हा जोडायची, आणि ती आच बोल्टच्या पुढच्या पकडखुंट्यांपर्यंत पोचू द्यायची नाही. सुरक्षेचा खटकाही दुर्बिणीखाली अडतो, तोही बदला. दुर्बिणीसाठी भोकं पाडायची तर वरचं पोलाद इतकं कडक, की ड्रिल घसरतं. भोक जरा तिरकं गेलं की दुर्बीण कधीच सरळ बसत नाही. नवा चाप, नवा दस्ता यांचा खर्च वेगळाच. रुगर अमेरिकनसारखी साधी नवी रायफल भोकं पाडलेली, चाप जुळवता येणारी अशी कारखान्यातूनच येते, आणि बहुधा या सगळ्या बेरजेपेक्षा स्वस्त पडते.

स्प्रिंगफील्डची गोष्ट तर धास्तीचीच. सुरुवातीला कामगार भट्टीतल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून तापमान ठरवत. लख्ख उन्हात तो रंग फिका दिसे आणि पोलाद जास्त तापे. असे काही सांगाडे ठिसूळ निघाले, फुटलेही. १९१८मध्ये पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,०००च्या आतल्या क्रमांकांपासून जाणकार आजही दूर राहतात.

त्यात संग्राहकांमुळे न कापलेल्या फौजी रायफलीचा भाव इतका वाढलाय, की तिला करवत लावणं म्हणजे पैसे जाळणं. मला विचाराल तर साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कापून ठेवलेलीच घ्यावी. ती स्वस्त मिळते, आकडी तीच असते. फक्त आधी बंदूक-कारागिराकडून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, तिथली जागा तपासणारा ‘फील्ड’ गेज घालून बघावा. त्यावर बोल्ट बंद झाला, तर रायफल विकणाऱ्याला परत द्यावी.