‘तिला झेपेल का?’ हे तिलाच विचारा



मागच्या वर्षी आमच्या ग्रामसंघात हिशेब लिहायला एकीची निवड करायची होती. नावं दोन आली. त्यातल्या एकीचं अक्षर आणि आकडेमोड दोन्ही चोख, पण पदरात सहा महिन्यांचं बाळ. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "लेकुरवाळी आहे, तिला कुठं झेपायचं?" मी समन्वयक, तरी मीही मान डोलावली. त्या दिवशी ती बैठकीला नव्हती. तिला कुणी विचारलंच नाही. मन वाईट नव्हतं आमचं, काळजीच होती. पण त्या काळजीनं तिचं काम गेलं.

मोठ्या संस्थांतही हेच होतं. फक्त तिथं ते नियमात लिहिलेलं असतं. आपल्या सैन्याचंच बघा.

1992 पासून डॉक्टर-नर्स सोडून इतर शाखांतही मुली सैन्यात अधिकारी होऊ लागल्या, पण ठरावीक वर्षांपुरत्या. ही मुदत पुढे 14 वर्षांपर्यंत वाढली. बरोबरीच्या पुरुषाला कायम नोकरी मागता येई, बाईला बहुतेक शाखांत नाही. आणि पेन्शनला लागतात 20 वर्षं. म्हणजे पोरांची शिक्षणं चालू असताना ना नोकरी, ना पेन्शन.

या अधिकारी कोर्टात गेल्या. सुप्रीम कोर्टात सरकारनं बाळंतपण आणि घरची जबाबदारी ही कारणं सांगितलीच, पण आणखी एक सांगितलं. जवान बहुतेक खेड्यातले असतात, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही! ऐकलंत ना? खेड्यातले म्हणजे आपलेच, आपण वाढवलेले. नकार द्यायचा दिल्लीत आणि नाव पुढं करायचं आपल्या गावाचं.

17 फेब्रुवारी 2020 रोजी कोर्टानं हे म्हणणं फेटाळलं आणि बायकांना कायम नोकरीचा हक्क दिला. निकालात महिला अधिकाऱ्यांच्या कामाचे दाखलेच मांडले. त्यात सोफिया कुरेशी यांचं नाव आहे. 2016 मध्ये पुण्यात अनेक देशांच्या सैन्यांचा एकत्र सराव झाला, तेव्हा भारताच्या तुकडीच्या प्रमुख त्याच होत्या. म्हणजे जवान बाईचा हुकूम मानतच होते.

तरी गोष्ट इथं संपली नाही. कायम करण्याआधी तब्येतीची चाचणी आली. पुरुषाची ही चाचणी नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी, ऐन तरुणपणी झालेली. बायकांना मात्र हक्क उशिरा मिळाला, म्हणून चाळिशी-पन्नाशीत त्याच मापानं तपासलं. आणि जुने शेरे? बाई कायम होणारच नाही असं धरून ते लिहिलेले, त्यामुळे त्यांत फारसं लक्षच घातलेलं नव्हतं. मार्च 2021 मध्ये कोर्टानं यालाही भेदभावच म्हटलं. नियम सगळ्यांना एक दिसतो, पण शर्यत सुरू होताना एकीला मागं उभं केलेलं असतं.

हे वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले. ती म्हणाली, "ताई, सासूबाई बाळाला सांभाळणार होत्या. तुम्ही विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. काम कुणाला झेपेल हे तिच्या पाठीमागं ठरवायचं नाही, तिलाच विचारायचं. आणि जो प्रश्न पुरुषाला विचारत नाही, तो बाईला नाकारण्यासाठी वापरायचा नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला आपण कधी विचारलंय का, की मूल कोण सांभाळतं?

तुमच्या पुढच्या बैठकीत हे जरूर बोला. आणि घरातल्या मुलांच्याही कानावर घाला. उद्या त्यांचा साहेब बाई असेल, तेव्हा आपल्या गावाचं नाव पुन्हा कुणी पुढं करायला नको.